टमाटरातलं पाणी

एक किलो टमाटर बाजारातून आणले की पिशवीत साधारण ९४० ग्रॅम पाणीच असतं. साखर, आंबटपणा, रंग, चोथा, बिया आणि ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं उरलेल्या साठेक ग्रॅमात. टमाटर ओव्हनमध्ये भाजून जेवणात तोंडी लावायला करायचे असतील तर एवढा हिशोब लक्षात ठेवला की पुरे. फळ कोणतं घ्यायचं, कसं चिरायचं, मीठ कधी लावायचं, झाकायचं की उघडं ठेवायचं, या सगळ्याची उत्तरं त्या पाण्यातच आहेत. व्हिडिओ बघून करणाऱ्यांचं बिनसतं ते इथंच. तिथं सगळा भर वरून चीज किती किसायचं यावर, आणि ताटात येतं ते कोमट आंबट पाण्यात बसलेलं मऊ टमाटर.

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडे टमाटर भाजून खायचा हंगाम थंडीचा. धान कापून झालं की बोड्या-तलावांच्या आणि नदीकाठच्या ओलाव्यावर भाजीपाला निघू लागतो. मार्कंड्याला, जिथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते तिथे, महाशिवरात्रीची जत्रा भरेपर्यंत आठवडी बाजारात टमाटरांचे ढीग लागलेले असतात आणि भाव उतरलेला असतो. संध्याकाळी बाजार उठायच्या बेताला ‘घ्या ना बाई, दोन किलो घेऊनच जा’ असं विकणारीच म्हणते. किलोभर टमाटर भाजले की वाटीदोन वाटीच उरतात, तेव्हा हा पदार्थ स्वस्ताईतच करावा. २०२३च्या जुलैत काही शहरांत टमाटर किलोला दोनशे रुपयांच्या वर गेले होते. तसल्या दिवसांत ते आमटीत घालतानाही हात आखडतो, भाजायची गोष्ट दूरच.

टमाटर भाजणं आपल्याकडे नवं मुळीच नाही. सयपाक उरकला की चुलीतले निखारे थोडे पुढे ओढायचे आणि त्यांच्या कडेला अख्खं टमाटर ठेवायचं. बाजूला दोन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या चार पाकळ्या, सालासकट. दोन-तीन मिनिटांत टमाटराची खालची साल काळी पडते, मग तडकते आणि त्या फटीतून फेसाळ रस राखेवर पडून चर्र वाजतो. तो आवाज आला की वळवायचं. चहूबाजूंनी भाजल्यावर साल ओढून काढायची. ती पूर्ण निघाली नाही तरी बिघडत नाही, काळे ठिपके राहिलेलेच चांगले. मग मीठ, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि भाजलेली मिरची-लसूण घालून चेचायचं. गरम भातावर ही चटणी असली की दुसऱ्या भाजीची आठवण होत नाही.

हीच गोष्ट शेजारच्या घरात थोडी वेगळी होते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात वसवण्यात आलं, आणि त्यांच्याकडे निखाऱ्यावर भाजलेलं टमाटर कच्च्या मोहरीच्या तेलात, बारीक चिरलेल्या कांद्यात आणि चुरडलेल्या सुक्या मिरचीत कालवतात. ते तेल नाकात झणझणतं आणि टमाटराचा आंबटपणा झाकून टाकतं. पूर्वेला छत्तीसगडात गेलं तर तिथेही टमाटराची चटणी भाताच्या ताटात असतेच. भाताच्या मुलखात टमाटराला असं काम असणं साहजिक आहे. भात आणि वरण दोन्ही सौम्य, त्यांना आंबट-तिखट काहीतरी हवंच असतं.

पण चुलीतलं टमाटर आणि ओव्हनमधलं टमाटर हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि का ते समजून घेतलं तर निम्मी कृती आपोआप कळते. अख्ख्या टमाटराच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो. त्यातून पाणी सहजी बाहेर पडत नाही. निखाऱ्याजवळ साल जळते, पण आत पाणी भरलेलं असल्यामुळे गराचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. गर आपल्याच रसात वाफवून निघतो. बाहेर करपलेपणा आणि धूर, आत मऊ आणि रसाळ गर. म्हणून ती चटणी सैल होते, आणि सैलच चांगली लागते.

ओव्हनमध्ये टमाटर अर्धं कापून, कापलेला भाग वर करून ठेवलेलं असतं. आता पाण्याला वाट मोकळी असते. तरी पहिला बराच वेळ डोळ्यांना काहीच घडताना दिसत नाही. ओव्हनचा काटा १८० वर असतो, पण टमाटराचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो शंभराच्या अलीकडेपलीकडेच राहतो. आत येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. अर्ध्या तासाने फोडीची कड आक्रसू लागते. तिथली ओल आधी संपते, तापमान चढतं आणि कड तपकिरी होते. टमाटरातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्यातली फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग धरू लागते. शिवाय साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापल्यावर भाजल्याचा जो खमंगपणा तयार होतो, भाकरीच्या पापुद्र्यावर आणि भाजलेल्या शेंगदाण्यात जो असतो, तोही कोरड्या जागीच नीट येतो. पाणी गेल्याशिवाय रंग नाही, रंगाशिवाय ती चव नाही. मायक्रोवेव्हमध्ये टमाटर पाच मिनिटांत शिजतं आणि तरी बेचव का लागतं, याचंही कारण हेच. तिथे ते नुसतं उकळतं.

वाफ करणं किती महागाचं काम आहे, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. एक किलो टमाटर २५ अंशांवरून १०० पर्यंत तापवायला एक दशांश युनिट वीजही लागत नाही. त्यातलं ४०० ग्रॅम पाणी उडवायला मात्र त्याच्या तिप्पट, म्हणजे पाव युनिट लागतं. १५०० वॉटचा ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा ओव्हन, पाऊण तास सलग चालला तर एक युनिटच्या थोडी वर वीज खातो. म्हणजे टमाटराच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा येतो. बाकीची उष्णता पत्र्यात, काचेत आणि स्वयंपाकघरात जाते. थंडीत ते चालून जातं. पण पाव किलो टमाटरांसाठी ओव्हन लावणं म्हणजे एका प्रवाशासाठी एसटी सोडणं. ट्रे भरून करावं, आणि ओव्हन बंद केल्यावर आत जी ऊब राहते तिच्यात शेंगदाणे किंवा जवस पसरून ठेवावेत.

आता फळाची निवड. बाजारात दोन तऱ्हा दिसतात. एक गावरान: लहान, चपटं, खाचा असलेलं, पातळ सालीचं, चिरलं की पाटभर रस. दुसरं संकरित: लांबट, टणक, जाड गराचं, ट्रकमधून शेकडो किलोमीटर आलं तरी न फुटणारं. चवीला गावरान सरस यात वाद नाही, पण ओव्हनसाठी मी लांबटच घेईन. त्यात गर जास्त आणि पाणी थोडं कमी असतं, कापल्यावर अर्धी फोड वाटीसारखी उभी राहते. गावरान टमाटर निखाऱ्याला आणि चटणीला ठेवावं. ओव्हनमध्ये ते पसरून जातं. मात्र लांबटातही पूर्ण लाल झालेलंच घ्यायचं. देठाजवळ पिवळट-हिरवं असेल तर परातीत मोकळं करून दोन दिवस बाहेर ठेवावं. एखादं पिकलेलं केळं शेजारी असलं तर आणखी लवकर रंग चढतो, कारण केळ्यातून निघणारा इथिलीन वायू टमाटरालाही पिकवतो. फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की ५ अंशांच्या थंडाव्यात आठवडाभर राहिलेल्या टमाटरात सुगंधी द्रव्यं तयार करणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं, आणि बाहेर काढल्यावरही ते पूर्ववत होत नाही. गोडी आणि आंबटपणा तसाच राहतो, वास हरवतो.

बियांचं काय? बऱ्याच पाककृती बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत भाग काढून टाकायला सांगतात, पाणी कमी व्हावं म्हणून. हिशोब बरोबर आहे, पण नुकसान मोठं आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बियांभोवतीच्या त्या भागात ग्लुटामेट हे द्रव्य बाहेरच्या गरापेक्षा कितीतरी जास्त आढळलं. मटणाच्या रश्श्यात, मशरूममध्ये, सुक्या मासळीत जी तोंडात रेंगाळणारी चव असते ती याच जातीची. टमाटर भाजीत घातल्यावर भाजी ‘लागते’, तीही बरीचशी याच्यामुळे. तेव्हा बिया काढू नयेत. त्याऐवजी मिठाचा उपयोग करावा.

टमाटर लांबीत अर्धे कापायचे. कापलेल्या भागावर मीठ चोळायचं, किलोला दीड चमचा पुरे, आणि फोडी पालथ्या घालून अर्धा तास ताटात ठेवायच्या. मीठ गरातलं पाणी बाहेर ओढतं आणि ताटात गुलाबी रस जमतो. हा रस फेकणाऱ्याला माझ्या मते स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. तो वरणात घालायचा. लाखोरीच्या डाळीचं वरण असेल तर त्याला चिंचेची गरजही उरत नाही.

तोवर ओव्हन दहा मिनिटं आधी १८० अंशांवर तापायला लावायचा. फोडी ट्रेमध्ये सुलट्या, एकाच थरात, मध्ये बोटभर जागा सोडून मांडायच्या. दाटीवाटीने बसवल्या की एकीची वाफ दुसरीला लागते आणि सगळ्या उकडून निघतात. प्रत्येक फोडीवर पाव चमचा तेल, चिमूटभर तिखट आणि नखाएवढा गूळ. गूळ गोड करण्यासाठी नाही. पाणी उडालं की साखरेबरोबर आंबटही दाट होतं, आणि जिभेला आंबट आधी कळतं. गूळ तो तोल सांभाळतो. लसूण मात्र आत्ता घालायची नाही. बारीक चिरलेली लसूण कोरड्या उष्णतेत पंधरा मिनिटांत करपून कडू होते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी फोडी बसलेल्या, सुरकुतलेल्या आणि कडेने गडद दिसतील; मध्ये अजून थोडा रस खळखळत असेल. इथून खरं काम सुरू होतं.

फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्स भागात अशा अर्ध्या टमाटरांवर लसूण, पार्सली आणि शिळ्या पावाचा चुरा घालून ते पुन्हा भाजतात. अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत टमाटर, पाव आणि चक्क साखर एकत्र करून ओव्हनमध्ये शिजवतात. पावाच्या चुऱ्याचं काम दुहेरी आहे. फोडीत उरलेला रस तो खालून शोषतो, आणि वरून कोरडा असल्यामुळे पटकन तपकिरी होतो. चामोर्शीत पाव मिळत नाही असं नाही, पण धानाच्या मुलखात मुरमुरे असताना पाव कशाला? दोन मुठी मुरमुरे ताटात घेऊन तळहाताने भरडायचे. पीठ होऊ द्यायचं नाही, ज्वारीच्या कण्यांएवढा भरडा राहिला पाहिजे. त्यात बारीक चिरलेली लसूण, मूठभर सांबार, मीठ आणि दोन चमचे तेल चोळायचं. तेलात माखलेली लसूण सुटी राहत नाही, म्हणून एकदम जळतही नाही. हे मिश्रण फोडींवर दाबून बसवायचं, ओव्हन २०० वर न्यायचा आणि दहा मिनिटं समोरून हलायचं नाही. मुरमुऱ्याला रंग चढतो तो शेवटच्या दोन मिनिटांत.

शेवटी जवस. पूर्व विदर्भात धान उभं असतानाच त्याच्या ओलीत लाखोरी किंवा जवस फेकून पेरायची पद्धत आहे, उतेरा म्हणतात. धान कापल्यावर उरलेल्या ओलाव्यावर ते पीक निघतं, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. त्यामुळे जवसाची चटणी इथे घरोघरी असते. कढईत तडतडेपर्यंत भाजलेला जवस जाडसर कुटून टमाटर बाहेर काढल्यावरच वरून भुरकायचा. जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि ते नाजूक असतं. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये त्याला कडवट वास यायला वेळ लागत नाही.

भांड्याबद्दल दोन शब्द. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा ट्रे ओटीजीबरोबर मिळतो तो टमाटरासाठी उघडा वापरू नये. टमाटराचं आम्ल त्या धातूशी लागतं, ट्रेला डाग पडतात आणि पदार्थाला धातूची चव येते. लोखंडी कढईचंही तेच. शिवाय रंग काळपट होतो. काचेचं ओव्हनचं भांडं किंवा स्टीलचं पसरट ताट उत्तम. कडा उंच नकोत, नाहीतर वाफ आतच घुटमळते.

ओव्हन नसेल तर काय करायचं हा प्रश्न अस्सल आहे. ओव्हन बहुतेक घरांत नाहीच, आणि असला तरी ऐन वेळी वीज असेलच असं नाही. आपल्या बायकांनी ओव्हनशिवाय भाजणं कधीच साधलेलं आहे. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या, पळसाच्या पानांत पानगे लावणाऱ्या घरांना कोरड्या उष्णतेची ओळख करून द्यायला नको. युक्ती एकच, उष्णता खालून आणि वरून अशी दोन्हीकडून पाहिजे. मातीच्या पसरट परळात फोडी मांडून परळ मंद निखाऱ्यांवर ठेवायचं, वर लोखंडी तवा उपडा न घालता सुलटा ठेवून त्यात निखारे घालायचे. तवा आणि परळ यांच्यामध्ये दोन खापऱ्या सरकवून बोटभर फट ठेवायची, नाहीतर वाफ कोंडते आणि सगळं मुसळ केरात. फोडींचं लोखंडाशी काही नातं नको, तव्याचा तळ त्यांना टेकता कामा नये.

गॅसवर करायचं तर जाड बुडाच्या कढईत बोटभर कोरडी वाळू किंवा जाडं मीठ, त्यावर रिंग, रिंगवर स्टीलचं ताट. घरी केक करणाऱ्यांना ही मांडणी पाठ आहे. फरक इतकाच की केकला झाकण घट्ट लावतात, इथे ते तिरकं ठेवायचं. वेळ तासाच्या वर लागतो आणि ओव्हनसारखा रंग वरून येत नाही. तो हवा असेल तर मुरमुऱ्याचा भरडा वेगळा तव्यावर खमंग परतून घ्यायचा आणि वाढताना घालायचा. मला तर हा मार्ग ओव्हनपेक्षाही आवडतो, कारण भरडा शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो.

भाजल्याने जीवनसत्त्वं जातात का, हे कुणीतरी विचारतंच. काही जातात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००२ मध्ये टमाटर ८८ अंशांवर अर्धा तास तापवून पाहिले, तेव्हा क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटलं. पण त्याच अर्ध्या तासात लायकोपीन, म्हणजे टमाटराला लाल करणारं द्रव्य, मोकळं होण्याचं प्रमाण दीडपटीहून अधिक वाढलं. कच्च्या टमाटरात ते पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. उष्णता त्या भिंती सैल करते. आणि ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून फोडीवरचं तेल कामाचं. क जीवनसत्त्वाची भरपाई ताटातल्या लिंबाच्या फोडीने होते.

वाढताना टमाटर कढत नको. पाच-सात मिनिटं थांबलं की उरलासुरला रस भरड्यात मुरतो आणि फोड उचलताना मोडत नाही. भात-वरणाबरोबर ताटात दोन फोडी पुरतात. ज्यांच्याकडे मोहरीचं तेल असेल त्यांनी वरून चार थेंब घालून बघावेत. बंगाली शेजाऱ्यांचं याबाबतीत ऐकण्यासारखं आहे. उरलंच तर भरडा न घातलेल्या फोडी झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. त्या तेलात लसणीसकट बुडवून बरणीत भरून बाहेर मात्र ठेवू नयेत. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणीबरोबर आलेले मातीतले जंतू अशाच जागी विष तयार करतात. वासावरून किंवा रंगावरून ते ओळखता येत नाही.

ट्रेच्या तळाला जो तपकिरी चिकट थर लागतो तो घासून काढायची घाई करू नये. ट्रे स्टीलचा असेल तर गरम असतानाच, काचेचा असेल तर तडकू नये म्हणून निवल्यावर, गरम पाणी अर्धी वाटी ओतून लाकडी चमच्याने खरवडायचं. ते पाणी त्या गुलाबी रसाबरोबर वरणात जातं.